गाळलेले सूर

"सर, ह्याचा एक दात पडलाय."

आठवीतली मुलगी माझ्या टेबलासमोर उभी होती आणि तिच्या हातात माझा दहा भोकांचा माउथ ऑर्गन होता. आदल्या दिवशी मीच तो तिला घरी न्यायला दिला होता. रात्री तिने त्यावर ओळखीच्या एका अभंगाची चाल बसवायचा प्रयत्न केला. मधल्या भोकांवर चाल नीट येत होती, पण डावीकडे, खालच्या पट्टीत नेली की मध्येच एक सूर गायब व्हायचा. बाजा खराब झाला, आपल्याकडूनच काहीतरी मोडलं, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

मी बाजा घेऊन वाजवून पाहिला. सगळ्या पत्त्या शाबूत होत्या. मग लक्षात आलं की पोरीचं बरोबर आहे. डावीकडच्या तीन भोकांत सा आहे, रे आहे, ग आहे, प आहे, नी आहे. म नाही आणि ध नाही. पंचवीस वर्षं मी हा बाजा फुंकतोय आणि ही गोष्ट मला माहीतही होती. पण तिच्याकडे मी कधी उणीव म्हणून पाहिलं नव्हतं.

"तो दात पडला नाही," मी म्हटलं, "तो बसवलेलाच नाही."

"का वो सर?"

त्या 'का'चं उत्तर देता देता आमचा अख्खा हंगाम गेला. हा लेख त्या उत्तराचाच आहे.

*

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी ओलांडली की सणसर येतं. आषाढात तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते, म्हणून बऱ्याच जणांना गावाचं नाव माहीत असतं. एरवी या भागाची ओळख म्हणजे ऊस. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, १८८५च्या सुमारास पाणी खेळू लागलं आणि ज्वारी-बाजरीच्या या मुलखाचा नकाशाच बदलला. शेजारी भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी झाली की बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या वर्गांत चार-सहा नवे चेहरे दिसू लागतात. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की कोप्या मोडतात आणि ते चेहरेही जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे हंगामाचेच महिने भरलेले असतात.

ही मुलगी त्यांतलीच. तिच्याकडे जत्रेत घेतलेला एक माउथ ऑर्गन होता, दुहेरी भोकांचा. त्यात एकाच सुराच्या दोन पत्त्या किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. मधल्या सुट्टीत ती तो वाजवत बसायची. मी इतिहास शिकवतो, संगीत नाही. पण पुण्यात कॉलेजात असताना एका मित्राच्या कॅसेटवर मी लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन ऐकला होता आणि तेव्हापासून ब्लूजचा नाद सुटलेला नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असतो. त्यात हिने वाजवावं, असं मी सुचवलं. सहकारी म्हणाले, 'शोले'ची धून बसवा, टाळ्या पडतील. १९७५ साली भानू गुप्तांनी वाजवलेली ती धून आजही कुणालाही कळते. त्याआधी १९६४च्या 'दोस्ती'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी राहुलदेव बर्मन यांनी माउथ ऑर्गन वाजवला होता. आपल्याकडे हा बाजा घराघरात पोचला तो सिनेमातून, यात शंका नाही.

पण तिला दुसऱ्याची धून नको होती. "माझी वाजवते की," एवढंच म्हणाली. मग ठरलं, तीन धून, तीनही तिच्या, आणि बांधणी ब्लूजची. बांधणीचं हे शेपूट माझं.

*

माउथ ऑर्गन जन्मला युरोपातल्या जर्मन भाषिक मुलखात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हवेच्या झोताने थरथरणारी पितळेची सुटी पत्ती ही कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे, चीनमधल्या शंग या वाद्यात ती शतकानुशतकं नांदत होती. १८५७मध्ये ट्रॉसिंगेन या गावातल्या माथियास होनर नावाच्या घड्याळजीने माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. हळूहळू ते गाव या बाजाचं गाव झालं आणि तिथून जहाजं भरभरून माल अमेरिकेला जाऊ लागला. खिशात मावणारं आणि पेटी-पियानोच्या मानाने कवडीमोल असं ते वाद्य होतं.

दहा भोकं आणि वीस पत्त्या. एका भोकात दोन, एक फुंकल्यावर वाजणारी आणि एक ओढल्यावर. ही रचना केली होती ती तिकडच्या लोकगीतांसाठी. उजवीकडे चाल वाजवावी आणि डावीकडे जिभेने ताल धरून भरणा करावा, असा बेत होता. फुंकलं की सा-ग-प एकत्र वाजले पाहिजेत आणि ओढलं की त्यांना जोड देणारे सूर. भरण्याच्या सोयीसाठी डावीकडचे म आणि ध गाळले. ज्यांची गाणी त्यांना डोळ्यांसमोर होती, त्यांना ते तिथे लागत नव्हते.

हे मी फळ्यावर दहा चौकोन काढून तिला समजावलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ज्यानं केलं त्याचं गाणं वेगळं होतं."

तिने एका वाक्यात सांगितलेलं हे समजायला मला बरीच वर्षं लागली होती.

*

अमेरिकेच्या दक्षिणेत हा बाजा कृष्णवर्णीयांच्या हातात पडला. तिथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. दोन्ही कारखान्याच्या माहितीपत्रकात नव्हत्या.

पहिली गोष्ट, त्यांनी षड्ज हलवला. बाजा पांढरी एकचा असेल तर वाजवायचं पांढरी पाचमध्ये. दुसरं भोक ओढल्यावर जो सूर येतो त्यालाच सा मानायचं. आपल्याकडच्या वाचकाला हे लगेच कळेल, कारण ही मूर्च्छनाच आहे. सूर तेच, पण सा सरकला की सगळ्यांची नाती बदलतात. असं केलं की शुद्ध नीच्या जागी कोमल नी येतो, म्हणजे सरळ खमाज थाट मिळतो. शिवाय महत्त्वाचे सूर फुंकण्याऐवजी ओढण्यावर येतात. आणि ओढण्यातच दुसऱ्या गोष्टीची किल्ली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर वाकवणं. ओढताना जीभ मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली की भोकातली दुसरी, गप्प बसलेली पत्तीही सामील होते आणि वरचा सूर खाली ओढला जातो. दुसरं भोक ओढून पूर्ण वाकवलं की कारखान्याने गाळलेला म मिळतो. तिसरं तसंच दोन पायऱ्या खाली आणलं की ध मिळतो. आणि दोन पायऱ्यांच्या मधली सगळी जागा आपली. सा हलवून वाजवताना हेच तिसरं भोक गंधाराचं असतं. ते थोडंसं वाकवलं की शुद्ध आणि कोमल गंधारांच्या मध्ये कुठेतरी सूर थांबतो. जोग रागात दोन्ही गंधार येतात हे आपल्याला ठाऊक आहे. ब्लूजचा गंधार त्या दोघांच्या मधल्या वाटेवर राहतो, आणि ब्लूजचं बरंचसं दुःख तिथेच राहतं.

पोरीला म सापडायला अकरा दिवस लागले. ओठ फुटले, डोकं दुखलं, जत्रेचा बाजा काही केल्या वाकेना, कारण त्याची रचनाच त्यासाठी नाही. अकराव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती धावत आली, ओढून दाखवलं आणि म्हणाली, "आला सर दात."

*

आता इतिहासाच्या शिक्षकाची अडचण सांगतो. ब्लूज शिकवायचं तर तो कुठून आला हे सांगावं लागतं, आणि उसाच्या फडातून आलेल्या मुलीला ते सांगताना जीभ जपून वापरावी लागते.

गुलामगिरी १८६५मध्ये कायद्याने संपली. जमीन मालकांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसं वाट्याने कापूस पिकवू लागली. हंगामाच्या आधी मालक बी-बियाणं, धान्य, कपडालत्ता उधारीवर द्यायचा, आणि कापूस निघाला की हिशेब व्हायचा. वही मालकाची, भाव मालकाचा. लुइझियानात कापसाबरोबर ऊसही होता. तिथे १८८७च्या नोव्हेंबरात, ऐन गाळपाच्या तोंडावर, सुमारे दहा हजार ऊसमजुरांनी संप केला. त्यांची एक मागणी अशी होती की मजुरी रोख द्या, मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत नको. थिबोडो या गावात संप बंदुकीने मोडला गेला आणि कित्येक कृष्णवर्णीय मजूर मारले गेले. पुढे त्याच लुइझियानात १९३०मध्ये लिटल वॉल्टर जन्मला.

मी एवढं सांगून थांबलो. तिने विचारलं, "त्यांची उचल फिटायची का सर?"

उचल हा शब्द मी वापरला नव्हता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ती कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामभर तोडलेल्या टनांतून ती वळती होते, आणि उरलीच तर पुढच्या वर्षावर जाते.

"बऱ्याच जणांची नाही," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. मीही तुलना पुढे नेली नाही. माणसं विकत घेण्याचा बाजार, कातडीच्या रंगावर उभा केलेला कायदा, झाडाला लटकवलेली प्रेतं, हा त्यांचा इतिहास त्यांचाच आहे. तो आपल्या सोयीसाठी उचलून इथे लावणं बरं नाही. पण हंगामाआधी घेतलेली रक्कम आणि दुसऱ्याच्या हातातली वही या दोन गोष्टी ओळखायला त्या मुलीला माझ्या मदतीची गरज नव्हती.

*

शाळेत पेटीही आहे. प्रार्थनेला संगीताच्या बाई वाजवतात. सराव ऐकून त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या पेटीला हे जमत नाही बघा. मींड नाही ना तिला."

पेटी आणि माउथ ऑर्गन सख्खी भावंडं आहेत. तीच पितळेची सुटी पत्ती, तेच युरोप, तेच शतक. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेन याने १८४२मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८०च्या दशकात ती मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी हातभात्याची केली. महाराष्ट्रात ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली, भजनात शिरली. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे ती साथीपुरती न ठेवता स्वतंत्र वाजवत.

तिच्यावरचा आरोप पहिल्यापासून एकच होता, तिचे सूर ठरलेले आहेत. दोन सुरांच्या मधली जागा, जिथे आपलं गाणं राहतं, तिथे तिला जाता येत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०च्या आसपास यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटी करण्याचा खटाटोप केला. त्यांचा मार्ग असा की जागा कमी पडते तर पत्त्या वाढवा. ती पेटी रुळली नाही. १९४०मध्ये तर आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, आणि ती उठायला १९७१ उजाडलं.

दोन देशांनी एकाच अडचणीवर काढलेली ही दोन उत्तरं मला फार विचार करायला लावतात. आपल्याकडे शिकलेल्या माणसांनी गणित मांडलं, वाद घातला, बंदी घातली. तिकडे अक्षरओळख नसलेल्यांनी बाजा होता तसाच ठेवला आणि श्वास बदलला. अर्थात पेटीवाल्याचा श्वास पत्तीपर्यंत पोचतच नाही, मध्ये भाता असतो. त्यामुळे पेटीला दोष देणं अन्यायाचं आहे. आणि आपल्या पेटीवाल्यांनीही हार मानली नाही. गवयाच्या मींडेचा भास बोटांच्या चलाखीने उभा करत त्यांनी बंदीची एकतीस वर्षं काढली आणि भजनी मंडळांनी तर बंदीकडे पाहिलंही नाही. ज्यांचं गाणं त्या साच्यात बसत नव्हतं, त्यांनी साचा टाकून दिला नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

*

तीन धून कशा झाल्या ते सांगतो.

ब्लूजची नेहमीची बांधणी बारा घरांची असते, दर घरात चार मात्रा. पहिली चार घरं सा, मग दोन म, दोन सा, एक प, एक म आणि शेवटची दोन पुन्हा सा. एकूण ४८ मात्रा, म्हणजे केरव्याची सहा आवर्तनं. सणसरच्या भजनात पखवाज वाजवणारा दहावीतला मुलगा साथीला होता. त्याला मी 'सहा आवर्तनं, जरा लंगडत' एवढंच सांगितलं आणि त्याला कळलं. बाईंनी पेटीवर सा-म-प धरले. मुलीच्या वहीत आम्ही प्रत्येक धुनीसाठी बारा चौकोन आखले. पहिल्या चार घरांत एक बोल म्हणायचा, पुढच्या चारांत तोच परत म्हणायचा, शेवटच्या चारांत त्याला उत्तर द्यायचं. "भजनात टाळकरी झेलत्यात तसं," पखवाजवाला म्हणाला. तसंच.

काय वाजवायचं हा प्रश्न होता, तेव्हा मी तिला डीफर्ड बेली सांगितला. १८९९मध्ये टेनेसीत जन्मलेल्या या माणसाला लहानपणी पोलिओ झाला आणि अंथरुणात पडल्या पडल्या तो माउथ ऑर्गन वाजवायला शिकला. घराजवळून जाणारी आगगाडी तो ऐकायचा आणि वाजवायचा. १९२७मध्ये त्याची 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही धून ध्वनिमुद्रित झाली. पॅन अमेरिकन हे एका गाडीचंच नाव होतं. नॅशव्हिलच्या रेडिओवरचा तो मोठा कलावंत होता. मात्र दौऱ्यावर गेल्यावर गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१मध्ये गीतांच्या हक्कांवरून रेडिओवाल्यांचा वाद पेटला, त्याच्या नेहमीच्या चाली वाजवायला बंदी आली आणि त्याला कामावरून काढण्यात आलं. पुढे तो बूटपॉलिशच्या दुकानावर जगला. कंट्री म्युझिकच्या मानकऱ्यांत त्याचं नाव गेलं ते २००५मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

"आगगाडी न्हाई हितं," ती म्हणाली. "भोंगा हाय."

पहिली धून ती झाली. कारखान्याचा भोंगा खालून चढत येतो, टिकतो आणि मरत मरत खाली जातो. दुसरं भोक पूर्ण वाकवून सुरू करायचं, हळूहळू सोडत वर न्यायचं आणि परत वाकवत उतरायचं. वर्षभर कानावर पडणारा हा आवाज मी एकदाही सूर म्हणून ऐकला नव्हता.

दुसरी धून 'मोळी'. तोडणे, बांधणे, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे. चढताना श्वास कसा तुटतो तो तिने ओढ-फुंक, ओढ-फुंक करत वाजवला. डीफर्ड बेलीची गाडी ज्या श्वासाने चालते त्याच श्वासाने ही मोळी चढते. ते तिला मी दाखवलं नव्हतं.

मध्येच एक दिवस मी तिला लिटल वॉल्टरची 'ज्यूक' ऐकवली. १२ मे १९५२ रोजी बावीस वर्षांच्या वॉल्टरने ती शिकागोत वाजवली. तिच्यात शब्द एकही नाही, तरी ती आठ आठवडे तिकडच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली होती. तो माइक हातात बाजाबरोबर धरायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फाटू द्यायचा. तिने दोनदा ऐकली आणि म्हणाली, "ह्यो शहरात गेल्यालाय." बरोबर होतं. लाखो माणसं कापूस सोडून उत्तरेच्या शहरांत गेली, त्यांतलाच तो एक.

तिसरी धून संथ होती. आई पहाटे भाकरी थापताना एक ओवी गुणगुणते, तिच्यावरची. जातं आता घरात नाही, ओवी राहिली आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "आईची हाय का त्यात?" बहुधा नसावी, मी म्हटलं. ही धून ती मला पूर्ण ऐकवत नव्हती. पहिली आठ घरं भरली होती. उत्तराची चार जमत नव्हती.

*

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात टोळीचं काम संपलं. २७ तारखेला पाच दिवस होते आणि ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. मुकादमाला थांबायला सांगणं मला सुचलं होतं, पण एका धुनीसाठी चाळीस माणसं कोप्या मोडून उघड्यावर बसणार नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, उद्याचं सोडा, आजच्या परिपाठात वाजवू दे.

तिने दोन धून वाजवल्या. पेटीच्या बाई रजेवर होत्या, पखवाज गावात होता. पखवाजवाल्या मुलाने बाकावर ठेका धरला. भोंगा सुरू झाला तेव्हा पोरं हसली, कारण सगळ्यांनी ओळखला. मोळीच्या वेळी मागच्या रांगेतली, कोप्यांवरचीच दोन मुलं हसायची थांबली. टाळ्या बेताच्या पडल्या. नंतर पसायदान झालं आणि वर्ग सुरू झाले.

दुपारी ती बाजा धुऊन, फडक्यात गुंडाळून परत द्यायला आली. मी तो तिच्याकडेच ठेवायला सांगितलं. पुढच्या हंगामात टोळी इथे येईल की दुसऱ्या कारखान्याला जाईल, हे मुकादमाच्या करारावर असतं, तिच्या नाही. जाताना ती वही मात्र विसरली, की ठेवून गेली, हे मला ठरवता आलेलं नाही.

२७ तारखेला कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव छापलेलं होतंच. त्या जागी एका मुलाने 'शोले'ची धून वाजवली आणि त्याला खूप टाळ्या मिळाल्या. त्यानेही छान वाजवली.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिसऱ्या धुनीच्या बारा चौकोनांपैकी आठ भरलेले आहेत, शेवटचे चार कोरे. मला त्यांत काहीतरी बसवता येईल, बांधणी मला माहीत आहे. मी ते भरलेले नाहीत.